आपल्या घरचें नाणें

नाणें पाडणें हा राज्यकर्त्यांचा अधिकार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि बाजारांत चालणाऱ्या नाण्यापुरती ती खरीही आहे. परंतु ज्यानें चिमूटभर मीठही विकत मिळावयाचें नाहीं असें नाणें पाडण्याची हौस मनुष्याला फार जुनी आहे. देव्हाऱ्यांत रामपंचायतनाचा रामटंका असतो, लक्ष्मीपूजनाच्या तबकांत लक्ष्मीचें चांदीचें नाणें असतें. हीं नाणीं कांहीं विकत घेत नाहींत. कशाची तरी आठवण मात्र धरून राहतात. असें एक नाणें २०२५ सालीं आमच्या वैजापूरच्या घरीं पाडविलें गेलें. त्या निमित्तानें घरांत जी चर्चा झाली, ती इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें मांडीत आहों.

मूळ सूचना अमेरिकेंतील पुतण्याची. तिकडे त्याला व त्याच्या मुलांना जिओकॅशिंग नांवाच्या खेळाचा नाद आहे. उपग्रहांच्या साह्यानें आपला ठावठिकाणा काढण्याची जी सोय हल्लीं प्रत्येक मोबाइलमध्यें असते, तिच्या संदेशांत अमेरिकन सरकार पूर्वीं मुद्दाम थोडी चूक मिसळीत असे. मे २००० च्या आरंभीं ही चूक मिसळणें बंद झालें. आणि लागलीच, ३ मे रोजीं, ऑरेगॉन राज्यांतील एका गृहस्थानें रानांत एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हांपासून हा खेळ सुरू झाला. डबा शोधावा, आंतल्या वहींत नांव लिहावें, एक वस्तु उचलली तर दुसरी ठेवावी. पुढल्याच वर्षापासून ह्या डब्यांतून खास पाडविलेलीं नाणींही फिरूं लागलीं. अशा प्रत्येक नाण्यावर निराळा क्रमांक असतो. ज्यास तें सांपडेल त्यानें त्या क्रमांकाखालीं नोंद करून नाणें पुढच्या डब्यांत टाकावयाचें. एखादें नाणें असें देशोदेशीं हिंडून येतें. आणि कोणी तें मोहानें खिशांत घालून बसला, कीं त्याचा प्रवास तेथेंच सरतो.

आमच्या मातोश्री माई ह्यांच्या जन्मास २०२५ सालीं शंभर वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. त्यांस जाऊनही बराच काळ लोटला. आम्ही चार बहिणी, तीन भाऊ. मुलेंबाळें पुणें, नाशिक, हैदराबाद आणि परदेश अशीं पांगलेलीं. सर्वांनीं एकदां वैजापुरास जमावें व त्या दिवशीं प्रत्येकाच्या हातीं माईंच्या आठवणीचें एक नाणें पडावें, अशी पुतण्याची कल्पना. ती सर्वांस पसंत पडली. आणि चांदी बाहेरून आणावयास नको, माईंच्या पेटींतलीच काढावी, असेंही ठरलें.

पेटींत तुटकीं वाळीं होतीं, एकटें राहिलेलें पैंजण होतें, चेपलेली अत्तरदाणी होती. खालीं एका पुरचुंडींत चारमिनारचे कांहीं हाली रुपये निघाले. माई लग्न होऊन आल्या तेव्हां वैजापूर निजामाच्या राज्यांत होतें, आणि शेजारचीं येवलें व कोपरगांव ब्रिटिश मुलुखांत. इकडे हाली चाले, तिकडे कलदार. हाली सात रुपये म्हणजे कलदार सुमारें सहा, हा हिशेब माईंच्या तोंडीं अखेरपर्यंत होता. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. हाली रुपये जसेच्या तसे ठेवून बाकीची चांदी आटवावयाची, येथपर्यंत एकमत होतें.

प्रश्न उठला तो नाण्यावर काय असावें ह्याचा. एका बाजूस वडिलांची मुद्रा व दुसऱ्या बाजूस आडनांव, असें दादांनीं सुचविलें. सर्वांत थोरली आमची अक्का. ती म्हणाली, "दादा, चांदी माईची आणि नांव तुमच्या घराण्याचें! मी पंचावन्न वर्षें दुसरें आडनांव लावतें. हें नाणें नातवाच्या हातावर ठेवतांना मी काय सांगूं? माझ्या आईचें आहे म्हणूं, कीं मामाकडून मागून आणलें म्हणूं?" दादा म्हणाले, "लग्नांत बहिणींना आपण कांहीं कमी केलें नाहीं." हें वाक्य आपल्या घराघरांतून किती वेळां उच्चारलें जातें! तें खोटें नसतें, पण विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तरही नसतें. अक्का त्या दिवशीं न जेवतां उठली, आणि पुढें आठ-दहा दिवस तिनें फोन घेतला नाहीं. नाण्यापायीं माणसें तुटतात कीं काय, अशी धास्ती आम्हां सर्वांसच वाटूं लागली.

आमच्या धाकट्या बंधूंनीं वकिली केलेली. त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, विधवा स्त्री मृत्युपत्र न करतां वारली तर तिची मालमत्ता मुलगे व मुली ह्यांस सारखी जाते, असें १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यांतच आहे. माईंनीं मृत्युपत्र केलें नव्हतें. म्हणजे पेटींतल्या चांदीचे सात वांटे, आणि त्यांपैकीं चार बहिणींचे. आपण मालकिणींच्या वस्तूवर मालकिणींस न विचारतां छाप उठवीत होतों.

कायद्यानें तोंड बंद होतें. मन वळतें असें नाहीं. दादांचें मन वळविलें तें त्यांच्याच आवडीच्या विषयानें. त्यांना इतिहासाचें वेड. ज्या गोदावरीच्या कांठीं आमचा तालुका आहे, तिच्याच वरच्या अंगास, नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सांपडला. नाणीं १३,००० हून अधिक, सारीं क्षत्रप नहपानाचीं. आणि त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला. जिंकलेल्या शत्रूच्या मुद्रेवरच आपली मुद्रा! ह्याच्या उलट मराठ्यांची चाल. शिवरायांनीं शिवराईवर 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' हीं अक्षरें घातलीं. पण पुढें मराठी सत्ता दिल्लीपर्यंत पोंचली असतांही मराठी रुपयांवर बहुधा दिल्लीच्या बादशहाचेंच नांव असे. मनमाडपलीकडे चांदवडची होळकरांची टांकसाळ. तिच्यांतून पडलेला रुपया बाजारांत चांदवडी ह्या गांवाच्या नांवानेंच ओळखला जाई. आणि अहल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयांवर शिवलिंग व बिल्वपत्र. स्वतःच्या नांवाचा आग्रह त्या माउलीनें धरला नाहीं.

हें सर्व आम्हांस सांगतां सांगतां दादा मध्येंच थांबले आणि म्हणाले, "छाप सातकर्णीनेंही मारला आणि अहल्याबाईंनींही उठविला. आपल्याला ह्यांतला कोणता पाहिजे?" संध्याकाळीं त्यांनीं आपण होऊन अक्काला फोन केला. काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं.

नाण्याच्या एका बाजूस आमच्या परसांतला आड व त्यावरचा रहाट आला. दुसऱ्या बाजूस 'वैजापूर', सन व क्रमांक. आडनांव नाहीं. आडाची कल्पना अक्काची. त्या पाण्यावर मुलीही वाढल्या आणि सुनांचाही पहिला हंडा तेथेंच भरला, असें ती म्हणाली. ह्यावर बोलण्यासारखें कोणापाशीं कांहीं उरलें नाहीं.

आतां कृतीविषयीं थोडें. नाणें दोन रीतींनीं होतें: ओतून किंवा ठोकून. ओतीव कामांत मेणाचा नमुना करून त्याभोंवतीं साचा बांधतात, मेण वितळवून काढतात व त्या पोकळींत धातु ओततात. खर्च कमी, पण अक्षरांच्या कडा बोथट राहतात. ठोकीव कामास पोलादी ठसे लागतात; त्यांवर अक्षरें उलटीं कोरावीं लागतात आणि मग ठसा तापवून, विझवून कडक करतात. चांदीच्या चकत्या मात्र तापवून मऊ कराव्या लागतात, म्हणजे दाबाखालीं धातु ठशाच्या कोंदणांत नीट शिरतो. ठशाची मजुरी दहा नाण्यांस तीच व हजारांस तीच. म्हणून थोडीं नाणीं नगास महाग पडतात. निव्वळ चांदी फार मऊ. हजारांत ९२५ भाग चांदी व बाकी तांबें हें प्रमाण टिकाऊ. कांठ चित्रापेक्षां किंचित् उंच ठेवावा, म्हणजे झीज कांठ सोशील. फिरत्या खेळांतलीं नाणीं बहुधा हलक्या धातूचीं व मिन्याच्या रंगांचीं असतात. आम्हीं रंग घेतला नाहीं.

दोन गोष्टी विसरूं नयेत. पैसा म्हणून वापरण्याकरितां धातूचे तुकडे पाडण्यास व चालू नाणीं वितळविण्यास २०११ च्या नाणेविषयक कायद्यानें मनाई आहे. तेव्हां 'रुपया' हा शब्द वा किंमतीचा आंकडा घालूं नये. तसेंच चार सिंहांची राजमुद्रा वापरूं नये. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा निराळा कायदा आहे.

दहा ग्रॅमचीं चाळीस नाणीं झालीं. क्रमांकांची जागा ठशांत रिकामी सोडविली होती. जमण्याच्या दिवशीं ओसरीवर बसून नातवंडांनीं अंकांच्या पोलादी खिळ्यांनीं एकेक क्रमांक हातोडीनें ठोकला. कांहीं अंक तिरपे बसले आहेत. वांटणी कुटुंबवार न करतां माणशीं एक अशी केली. लेकी, सुना, जांवई, नातवंडें सर्व सारखीं.

नियम एकच ठेवला. नाणें लॉकरमध्यें ठेवावयाचें नाहीं. वर्षभरांत केव्हां तरी तें घरांतल्या दुसऱ्या कोणास स्वहस्तें नेऊन द्यावयाचें, त्याचें आपण घ्यावयाचें आणि वहींत क्रमांकापुढें दोघांचीं नांवें लिहावयाचीं. टपालानें पाठवावयाचें नाहीं. दादांचें नाणें पहिल्यानें अक्काकडे गेलें. तें पोंचविण्यास दादा पायांच्या दुखण्यासह नाशिकास गेले व चार दिवस राहून आले. एखाददुसरें नाणें हरवेल, हें सर्वांनीं आधींच मान्य केलें आहे.

ज्या घरीं आईच्या पेटींत अशी मोडकी चांदी पडून असेल, त्यांनीं ती विकून पैसे वांटण्यापूर्वीं एकदां ह्याचा विचार करावा. मात्र ठसा कोरावयास टाकण्याआधीं घरच्या लेकींस विचारावें. सध्यां आमची वही अक्काकडे आहे, आणि दिवाळीपर्यंत ती वैजापुरास यावयाची आहे.