सोळा बळींनंतर

गेल्या वर्षी वर्गावर्गांतील सामन्यात मी सहा बळी मिळविले आणि आपल्या बोटांत जन्मजात फिरकी आहे, असा माझा ठाम समज झाला. माझा गुगली त्या दिवशी कोणालाच ओळखता आला नव्हता. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाळेच्या मुलांनी तोच चेंडू असा झोडपला, की चार षटकांनंतर कर्णधाराने तो माझ्या हातून काढून घेतला. घरी येऊन मी खेळपट्टीला, यष्टिरक्षकाला आणि नशिबाला यथेच्छ दोष दिला.

आजोबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि नरेंद्र हिरवाणीची हकीकत सांगितली. गोरखपूरचा हा मुलगा क्रिकेटसाठी इंदुरास आला. संजय जगदाळे यांच्या देखरेखीखाली त्याने घाम गाळून आपला स्थूल देह हलका केला आणि लेगस्पिन घोटून घोटून पक्की केली. जानेवारी १९८८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला आणि १३६ धावांत १६ बळी घेऊन गेला! बॉब मॅसीने १९७२ साली लॉर्ड्सवर पहिल्या कसोटीत १३७ धावांत १६ बळी घेतले होते. आपला इंदूरचा गडी एका धावेने सरस ठरला.

"मग पुढे त्याने सारे विक्रम मोडले असतील!" मी म्हणालो.

आजोबा हसले. "पहिल्या चार कसोट्यांत ३६ बळी आणि पुढच्या तेरा कसोट्यांत ३०. असे का झाले असेल, ते तूच सांग पाहू."

मी विचारात पडलो. मद्रासची खेळपट्टी फिरकीस अनुकूल होती. पुढे धावत येणारे फलंदाज चकत होते. किरण मोरे यांनी त्या सामन्यात सहा जणांना यष्टिचीत केले. परदेशी खेळपट्ट्यांवर ती साथ मिळणार कोठून?

"बरोबर," आजोबा म्हणाले. "पण १९९० साली ओव्हलवर याच हिरवाणीने एका टोकाने सलग ५९ षटके टाकली. बळी मिळाला एकच. मला ती षटके त्या सोळा बळींइतकीच मोलाची वाटतात. तू चार षटकांत रडकुंडीस आलास!"

त्या रात्री मी वहीत स्वतःचे दोष लिहून काढले. गुगली टाकताना माझा खांदा आधीच झुकतो, त्यामुळे फलंदाज सावध होतो. षटकातील दोन चेंडू तरी आखूड पडतात. मार बसला, की मी घाईने धावत येतो. तेव्हापासून रोज सकाळी एकच यष्टी रोवून मी साठ चेंडू टाकतो आणि किती ठिकाणावर पडले, ते लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी अकरा पडले होते. काल एकतीस पडले.

यंदाच्या पहिल्या सामन्यात मला दोनच बळी मिळाले. परंतु अखेरच्या षटकापर्यंत कर्णधाराने चेंडू माझ्या हातून काढून घेतला नाही.