सावलीतलं वाळवण

गेल्या मार्चमध्ये कॅनडातल्या नॉर्थ बे या गावी जाऊबाईंकडे राहिले. बाहेर बर्फच बर्फ! शेजारच्या आजींनी एकदा आपली मागची पडवी दाखवली. दोरीवर सुक्या अंजिरांसारख्या तपकिरी पिशव्यांच्या जोड्या टांगलेल्या. वास उग्र, चामड्यासारखा, तरी गोडसर. बीव्हर या पाणप्राण्याच्या शेपटीजवळच्या या गंधग्रंथी, अत्तरात वापरतात.

आजोबा परवाना काढून बीव्हर पकडतात. कातडी त्यांची, ग्रंथी आजींच्या! जोडी अखंड काढायची, लगतच्या तेलाच्या पिशव्या वेगळ्या करायच्या, चरबी-मांस हलक्या हाताने सोडवायचे. पिशवी फुटता कामा नये. मग थंड, हवेशीर जागी सावकाश वाळवायचे. आपल्या पापडांना कडक ऊन हवे, यांना सावलीच. एकदा आजींनी घाईने शेगडीजवळ टांगल्या आणि भाव पडला. कातड्यांच्या लिलावात याही वजनावर विकल्या जातात.

मला कस्तुरीमृग आठवला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. न राहवून विचारलं, "जीव जातो, वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. म्हणूनच काही वाया घालवत नाही."

उत्तर मला पुरतं पटलं नाही. पण मैत्रिणींनो, आजींचे ते जपून चालणारे हात मात्र विसरता येत नाहीत.