उजेडाची उतरंड

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नुसता तुटलेला नाही, तो आत वळलेला आहे. काठाशी पालथं पडून खाली डोकावलं तर नजर कातळाला न शिवता थेट कोकणात उतरते. संध्याकाळी सूर्य नेमका तोंडावर असतो, ढगांच्या कडा वितळलेल्या असतात आणि खाली दरीत मात्र केव्हाच सांज होऊन गेलेली असते. वर ऊन आणि तळाशी दिवेलागण. दिवसाचे दोन प्रहर इथे एकाच वेळी नांदतात.

सकाळची तऱ्हा वेगळी. तेव्हा सूर्य पाठीशी असतो. दरीत धुकं भरलेलं असलं तर त्यावर आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं, ते इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते इथे पाहिल्याची नोंद आहे. पाठीमागून येणारा तो उजेड कॅमेऱ्याला सोसतो. संध्याकाळ त्याला सोसत नाही. आकाशाला धरून एक्स्पोजर लावलं तर दरी शाईसारखी काळी होते, दरीला धरून लावलं तर आकाश जळून पांढरं पडतं. त्यात आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. अंगावर पडलेला थोडाफार उजेडही तो परत देत नाही.

फोटोवाल्यांचं उजेडाचं माप म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट. दहा स्टॉप म्हणजे सुमारे हजारपट, चौदा म्हणजे सोळा हजारपट. आजचा चांगला कॅमेरा आपल्या रॉ फाइलमध्ये चौदा स्टॉपच्या आसपास पोचतो, पण कागदावरच्या प्रिंटला त्याच्या निम्म्यातच भागवावं लागतं. मावळत्या सूर्यापासून दरीतल्या झाडीपर्यंतचं उजेडाचं अंतर त्याहून कितीतरी मोठं. एचडीआरचा, म्हणजे हाय डायनॅमिक रेंजचा, सगळा खटाटोप या अंतरासाठी. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करायचा, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हलवायचे नाहीत आणि फक्त शटरचा वेग बदलत तीन फ्रेम घ्यायच्या: १/२५० सेकंद आकाशासाठी, १/६० मधल्या डोंगरांसाठी, १/१५ दरीसाठी. मग संगणकावर तिन्हींची एक फाइल करायची.

ही अडचण फोटोग्राफीच्या बाळपणापासूनची आहे. १८५० च्या दशकातल्या कोलोडियन काचा निळ्या उजेडाला इतक्या हळव्या होत्या की जमीन किंवा पाणी नीट उमटेपर्यंत आकाश कोरं होऊन जाई. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ मध्ये फ्रान्समधल्या सेतच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या लाटेचं चित्र केलं, ते दोन निगेटिव्हचं. समुद्र एकीतला, ढग दुसरीतले आणि सांधा क्षितिजाच्या रेषेवर. त्याचे तेच ढग त्याच्या निरनिराळ्या समुद्रांवर भेटतात. पुढे १९४० च्या सुमारास अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या पायऱ्या पाडल्या आणि कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची, हे शटर दाबण्याआधीच ठरवायला शिकवलं. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले जितेंद्र मलिक या संगणकशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातल्या उजेडाचं गणित परत मिळवण्याची रीत मांडली. ल ग्रेने हाताने घातलेला सांधा आता आकड्यांनी घालता येऊ लागला.

तिन्ही फ्रेम पहिल्यांदा एक झाल्या तेव्हा मी पडद्यासमोर बराच वेळ बसून होतो. सावल्यांचा स्लायडर ओढला की दरी उघडत जाई. कारवीची झुडपं, ओढ्याची कोरडी वाट, गुरांच्या पायवाटा, कुठल्याशा पाड्यावरचा धूर. आणखी ओढलं तर कातळाचा थर न् थर मोजून घ्यावा इतका स्पष्ट. आणि त्याच वेळी काहीतरी निसटत होतं. ढगांना राखेची कळा आली. डोंगराच्या रेषेभोवती उजळ वलय धरलं. दरी आकाशाइतकीच तेजस्वी झाली आणि सूर्य असून नसल्यासारखा झाला.

चित्रातलं काहीच खोटं नव्हतं. ती पायवाट मी पाहिली होती, तो धूर पाहिला होता, ढगांच्या पोटातला जांभळा रंगही पाहिला होता. फक्त एकदम पाहिला नव्हता. सूर्याकडे पाहताना बाहुल्या आकसल्या होत्या आणि दरी माझ्यापुरती नाहीशी झाली होती. मग नजर खाली आली, काही वेळ काळोखावरच अडखळली आणि तिथून एकेक गोष्ट वर येऊ लागली. आधी धूर, कारण तो उजळ. मग पायवाट. झाडी सर्वांत शेवटी. उजेडातून अंधाऱ्या लेण्यात शिरलेल्या डोळ्यांना पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. कड्याच्या काठावर तेवढा अंधार नसतो, पण थांबावं तिथेही लागतं. डोळाही फ्रेमवर फ्रेम घेतो आणि मनात त्या जोडतो. मात्र कोणती आधी आली आणि कोणती नंतर, हे तो विसरत नाही.

म्हणून मला वाटतं, बटबटीत एचडीआर खटकतो तो उजेडाबद्दल खोटं बोलतो म्हणून नाही. तो वेळ पुसून टाकतो म्हणून. तीन फ्रेममधल्या क्षणांत वाऱ्याने गवत हललेलं असतं, ते एकमेकांवर बसत नाही आणि भुतासारखं दुहेरी दिसतं. सॉफ्टवेअर त्यातलं एकच पातं ठेवून बाकीची काढून टाकतं. तसंच ते पाहण्यातलं आधी-नंतरही काढून टाकतं.

तेव्हापासून मी सगळं उजळत नाही, रांग सांभाळतो. जुन्या घराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे, मोठं तळाशी आणि त्यावर लहान होत जाणारी. उजेडाचीही तशीच. सर्वांत वर सूर्य, मग ढग, मग उन्हातला कातळ, मग सावलीतला, तळाशी झाडी. मधली अंतरं हवी तेवढी आवळावी, नाहीतर ती कागदावर मावणारच नाहीत. पण खालचं मडकं वर चढवलं की उतरंड कोसळते. तळाशी मी थोडा काळोख मुद्दाम राखतो, सहज नजर टाकणाऱ्याला काळाच दिसेल आणि थांबणाऱ्याला त्यात पायवाट सापडेल, इतपत. अशा प्रिंटपुढे उभा राहिलेला माणूस हळूहळू पुढे वाकतो. दरी त्याला एकदम मिळत नाही, थोडी वाट पाहून मिळते, कड्यावर मिळाली तशीच.

आता ही निवडही आपल्या हातून निसटू लागली आहे. फोन न विचारता एका टिचकीत अनेक फ्रेम घेतो, जोडतो आणि अंधार उपसून टाकतो. गडावरून खाली उतरेपर्यंत फोटो सगळ्यांकडे पोचलेले असतात आणि प्रत्येकाची दरी सारखीच लख्ख असते. फोनने फार चांगलं काम केलेलं असतं, पण कड्यावर कोण किती वेळ बसलं होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी कड्यावर गेलात तर फोन किंवा कॅमेरा काढण्याआधी दरीकडे नुसतं पाहा. काय आधी दिसलं, काय उशिरा दिसलं, काय शेवटपर्यंत दिसलंच नाही, हे लक्षात ठेवा. घरी येऊन तो सावल्यांचा स्लायडर जरूर ओढा. मात्र उशिरा दिसलेलं चित्रातही उशिराच दिसू द्या आणि जे दिसलंच नाही, ते तसंच राहू द्या.