लोखंडातले विरजण

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतून खाम नदी ओलांडली, की छावणी लागते. नदीकाठी सुमारे तीन शतकांपूर्वीची पाणचक्की आहे. पाण्याच्या जोरावर तिचे चाक फिरे, चाकाबरोबर जाते फिरे आणि धान्य दळून निघे. पण जात्यात दाणेच टाकले नाहीत, तर ते दिवसभर फिरूनही पीठ कोठून पडणार? नुसते फिरणे म्हणजे काम नव्हे.

छावणीतील यंत्रे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला हे पुरते ठाऊक असते. ऐन लग्नसराईत एखादा मंडपवाला आपला लहानसा जनरेटर त्याच्यापुढे आणून ठेवतो. इंजिन धडधडते, धूर निघतो. पण दिवा काही लागत नाही. "मिस्त्री, हा तर मेला! आता नवा कोठून आणू?" असे तो काकुळतीने म्हणतो.

जाणता मिस्त्री घाई करीत नाही. प्रथम तो सर्व जोडण्या काढतो. अतिभाराने संरक्षक खटका पडला आहे काय, ते पाहतो. मग दुसरा चांगला दिवा लावून तारेची व खोबणीची परीक्षा घेतो. इंजिनाची गती तपासतो. कारण अशा पुष्कळ जनरेटरांना मिनिटाला 3000 फेरे घ्यावे लागतात. त्यानंतर यंत्र थांबवून तो आतले कार्बनचे ब्रश झिजले आहेत काय, हे पाहतो. सारे ठीक निघाले, तरीही दिवा लागत नाही. मग उणे ते कशाचे?

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला, की वीज निर्माण होते, हे 1831 साली मायकेल फॅरेडे यांनी दाखविले. परंतु अशा जनरेटरांत बहुधा कायमचा चुंबक नसतो. तेथे विजेनेच लोखंडाचा चुंबक होतो. म्हणजे विजेला चुंबक हवा आणि चुंबकाला वीज! हे कोडे 1866 च्या सुमारास जर्मनीत वेर्नर सीमेन्स व इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी सोडविले. लोखंडात मागचे किंचित चुंबकत्व उरलेले असते. त्यातून अल्प वीज उपजते. ती त्याच चुंबकाला बळ देते. बळावलेला चुंबक अधिक वीज देतो. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध विरजते, तसेच हे!

यंत्र फार दिवस पडून राहिले, तर हे शेष चुंबकत्व क्षीण होते. विरजणच संपल्यावर दही कसे लागावे? मग मिस्त्री योग्य त्या तारांना बॅटरीचा प्रवाह क्षणभर देतो. लोखंड पुन्हा जागे होते आणि मंडपवाल्याचा दिवा लखकन उजळतो.

मुलांनी मात्र हा प्रयोग करू नये. यंत्र थांबल्यावरही त्याच्या धारित्रात वीज साठून राहू शकते. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू विषारी असून त्याला वास नसतो. म्हणून जनरेटर घरात कधीही चालवू नये.

गलबला करणारे सारेच काम करीत नसतात. आणि निकामी वाटणारे सारेच संपलेले नसतात. त्यांत नेमके काय उणे आहे, ते धीराने शोधणारा माणूस हवा. मग भंगारात जाणारे यंत्रही एखाद्याच्या घरची चूल पेटती ठेवते.