बंदुकीनंतरचा पैसा
लायबेरियातले यादवी युद्ध 2003 मध्ये थांबले आणि संयुक्त राष्ट्रांनी लढणाऱ्यांकडून शस्त्रे गोळा करायला घेतली. अंदाज होता 38 हजार माणसांचा. पुढच्या वर्षअखेरीस मोहीम संपली तेव्हा नोंद एक लाख तीन हजारांवर गेली होती आणि शस्त्रे जमली होती जेमतेम 28 हजार. माणशी तीनशे डॉलरच्या आशेने कुणीही रांगेत घुसले, पैसा वाया गेला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. घुसखोरी झाली हे मला मान्य आहे. पण बंदूक नसलेला प्रत्येक जण तोतया नव्हता. त्या नोंदीत बावीस हजारांवर बायका होत्या, हजारो मुले होती. ओझी वाहणारी, रांधणारी, पळवून नेलेली ही माणसे माणशी एक बंदूक मोजली की सर्वांत आधी गळतात. माझ्या मते खरी चूक यादीत नव्हती, पैशाच्या वाटणीत होती.

शस्त्रे जमा करण्याचा खर्च शांतिसेनेच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे सदस्य देशांच्या बंधनकारक वर्गणीतून होतो. माणसाला धंदा शिकवणे, शाळेत घालणे, गावात वसवणे मात्र देणगीदारांच्या मर्जीवर. पहिले काम महिन्यांत उरकते, दुसऱ्याला वर्षे लागतात. म्हणून हजारो जण शस्त्र देऊन प्रशिक्षणाची वाट बघत बसले. गुथ्री रबर मळा माजी बंडखोरांच्याच ताब्यात राहिला. चीक विकून ते पोट भरत. सरकारला तो मिळाला 2006 मध्ये.

गावे जाळणाऱ्यांना पैसे आणि ज्यांची घरे जळली त्यांना काहीच नाही, हा कुठला न्याय? हा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. नुसती रोकड वाटली तर अन्याय होतोच. पण लायबेरियातच रस्तेदुरुस्तीच्या कामांवर माजी लढवय्ये आणि गावकरी दोघांनाही मजुरी मिळाली, आणि रस्ता गावाचा झाला. अशा कामांना पैसा पुरवणे म्हणजे गुन्हेगारांना बक्षीस देणे नव्हे. 2005 पासून पहिल्या वर्षाच्या तात्पुरत्या मदतीला शांतिसेनेच्या अंदाजपत्रकात जागा मिळाली, पण एका वर्षात कुणी सुतार होत नाही. पुनर्वसनाचा निधी पहिली बंदूक घेण्याआधीच बांधलेला हवा. 2007 मध्ये लायबेरियात महिला पोलिसांचे पथक पाठवणाऱ्या भारताने आमसभेत हा आग्रह धरावा.