बॅकला कोण शिकवतं?

नालासोपाऱ्याजवळच्या आमच्या गासमध्ये भातकापणी झाली की शेतं आमची व्हायची. धसकटं पायाला टोचायची, पण अनवाणी खेळायची सवयच होती. दोन्ही टोकांना बांबू रोवले की फुटबॉलचं मैदान तयार. आणि बॅक कोणाला करायचं हे जवळजवळ ठरलेलं असायचं: जो अंगाने थोराड आणि पायाने संथ, तो. त्याला सांगायचं एवढंच, की चेंडू आला की उडव. शेजारच्या वाडीत केळींत गेला तरी चालेल, बावखलात, म्हणजे शेताजवळच्या तळ्यात, पडला तरी चालेल, आपल्या गोलासमोर दिसता कामा नये. बावखलातून काढलेला चामड्याचा चेंडू पाणी पिऊन एवढा जड व्हायचा, की पुढचा अर्धा तास तो हेडने मारायला फॉरवर्ड तयार नसत. ते काम पुन्हा बॅकचंच.

प्रशिक्षक नावाचा माणूस तेव्हा आम्ही पाहिला नव्हता. तरी बॅकला शिकवणारं कोणीतरी होतं. शेजारी उभा असलेला, वयाने दहा-पंधरा वर्षांनी मोठा दुसरा बॅक. दिवसभर मुंबईत नोकरी करून आलेला, सुट्टीच्या दिवशी आमच्यात उतरणारा. तो चेंडूकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघायचा. ‘चेंडू बघू नको, माणूस बघ’, ‘मी पुढे गेलो की तू मागे थांब’, ‘अंगावर धावून जाऊ नको, त्याला बाहेरच्या बाजूला काढ’. खेळ चालू असतानाच, ओरडून. फुटबॉलमधलं जे काही मला समजतं, त्यातलं बरंचसं या तीन वाक्यांत आहे.

मोठा फुटबॉल बघायचा तर नालासोपाऱ्याहून लोकल पकडून चर्चगेट, तिथून चालत कूपरेज. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स कप स्पर्धा, कंपन्यांचे आणि रेल्वेचे संघ, महिंद्र, एअर इंडिया. खेळाडू म्हणजे नोकरदार माणूस. खेळ सुटला तरी पगार चालू राहायचा, म्हणून तो मैदानाच्या आसपास राहायचा आणि नव्या पोरांना काही सांगत राहायचा. चाळिशीतला माणूस विशीतल्या पोराच्या शेजारी उभा राहण्याची सोय त्या व्यवस्थेत होती, हे तेव्हा कळलं नाही.

१९९२ साली एक नियम बदलला आणि बॅकचं आयुष्यच बदललं. त्याआधी अडचणीत सापडलेला बॅक चेंडू मागे गोलीकडे सरकवायचा, गोली तो हातात घ्यायचा, आणि सगळे श्वास घ्यायचे. आता आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलीला हातात घेता येत नाही. म्हणजे दडपण असताना पास देता येणं, चेंडू पायात थांबवता येणं बॅकला गरजेचं झालं. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतही घेता येतो, त्यामुळे खेळाची सुरुवातच स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बॅकच्या, पायातून होऊ लागली. थोराड आणि संथ पोराला मागे उभं करण्याचे दिवस गेले. आज संघातल्या सर्वांत शांत डोक्याच्या खेळाडूला तिथे ठेवावं लागतं.

या बदलाच्या दोन्ही बाजूंना पाय असलेला माणूस म्हणून मला महेश गवळी महत्त्वाचा वाटतो. गोव्याचा हा स्टॉपर जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडला. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात तो होता. मग गोव्याच्या डेम्पो क्लबात आला. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेम्पोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाची लीग जिंकली. मागे गवळी आणि समीर नाईक ही जोडी उभी असली, की फॉरवर्डला गोलाकडे जायला वाट सापडत नसे. गवळी धिप्पाड नव्हता. चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळायचं, म्हणून त्याला घसरून टॅकल करावा लागायचा तो क्वचितच. २०११ साली भारत २७ वर्षांनी आशिया चषकात खेळला, तेव्हा दोहाला गेलेल्या संघात तो होता.

बॅकपासून प्रशिक्षकापर्यंतची वाट त्याच्या आधीच्या पिढीत डेरिक परेरा यांनी चालून दाखवली होती. तेही गोव्याचे, साळगावकर क्लबचे आणि भारताचे बॅक. प्रशिक्षक म्हणून त्यांनी महिंद्र युनायटेडला २००५-०६ च्या मोसमात फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग ही दोन्ही विजेतेपदं मिळवून दिली. मुंबईच्या क्लबला राष्ट्रीय लीग पहिल्यांदाच मिळाली होती. चार वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्रने संघच बंद केला. तेव्हा झालेलं दुःख आजही तसंच आहे.

गवळीही पुढे त्याच वाटेने राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. सहायकाचं नाव वर्तमानपत्रात येत नाही. पण २०२३ च्या, दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना लाल कार्डं मिळाली आणि बंगळुरूला उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाकावरून संघ सांभाळायची वेळ गवळीवर आली. गटातल्या शेवटच्या सामन्यात कुवेतविरुद्ध अगदी शेवटी भारताचा बॅक अन्वर अलीकडून स्वयंगोल झाला होता. बॅकच्या आयुष्यात यापेक्षा वाईट क्षण नसतो. पुढच्याच सामन्यात लेबनॉनला १२० मिनिटांत एकही गोल मिळाला नाही. पेनल्टीवर भारत जिंकला, आणि ४ जुलैला कुवेतलाही पेनल्टीवरच हरवलं. त्या स्वयंगोलानंतरच्या दिवसांत त्या पोरांना काय सांगितलं गेलं असेल, हे स्वतः स्टॉपर राहिलेल्या माणसालाच माहीत.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या निराळ्या खेळात, मागच्या फळीतल्या बचावपटूंसाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमतात. त्याचं काम फक्त तेवढ्या चार-पाच जणांकडे बघायचं. आपल्याकडे गोलींना वेगळा प्रशिक्षक मिळाला, बॅकना सहसा नाही.

आजची पोरं आमच्यापेक्षा पुष्कळ चांगली खेळतात, हे मी मनापासून सांगतो. नालासोपाऱ्यात तासाच्या भाड्याने टर्फ मिळतं, रात्री दिवे असतात, प्रत्येकाच्या पायात स्टड असतात. मोबाइलवर जगातले उत्तम स्टॉपर बघून त्यांची नक्कल करतात. कूपरेजऐवजी आता अंधेरीच्या मैदानावर जायचं, म्हणजे अंतरही बरंच कमी झालं. तिथेच २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने, एका बॅकने, जादा वेळेत कॉर्नरवर हेड मारून बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं. ते यश गवळीच्या गोव्याविरुद्ध मिळालेलं असलं तरी त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

गेलं काय, तर वयांची सरमिसळ. टर्फवर चौदाचे चौदात आणि तिशीचे तिशीत खेळतात. अकादमीत वयोगटाची भिंत असते, आणि स्पर्धेसाठी ती हवीच. पण बॅक ही जागा अशी आहे की तिथे चूक झाल्यावर नव्हे, चूक व्हायच्या दोन सेकंद आधी कोणीतरी ओरडावं लागतं, आणि ते ओरडणं बाकावरून ऐकू येत नाही.

म्हणून गासच्या, निर्मळच्या, भुईगावच्या मंडळांना माझं सांगणं आहे. सरावाचा एक दिवस तरी गावातल्या जुन्या बॅकना मैदानात उतरवा. त्यांना धावता आलं नाही तरी चालेल. पोरांच्या शेजारी उभं राहता आलं पाहिजे, आणि आवाज शाबूत पाहिजे.