शिल्लक रजा : २४

तर झालं असं, की मध्यंतरी हिंजवडीतली नोकरी सोडली. निरोपाचा केक खाल्ला, आयकार्ड-लॅपटॉप परत केला. तीन आठवड्यांनी फुल अँड फायनलचा हिशोब मेलवर आला. शिल्लक रजा : २४ दिवस. त्याचे पैसे : शून्य!

एचआरला फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पॉलिसीत एनकॅशमेंट नाहीये ना."

मग आयुष्यात पहिल्यांदा कायदा वाचला. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ चा. (नाव दुकानांचं असलं तरी आयटी ऑफिसंही त्यात येतात. मॅनेजर मंडळी मात्र बाहेर.) वर्षात २४० दिवस काम केलं, की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक पगारी रजा. ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. कंपनीने काढून टाकलं, तर न दिलेल्या रजेचे पैसे द्यावेच लागतात. आपण स्वतः सोडली तर मात्र अट आहे : रजा मागितलेली असावी आणि ती नाकारलेली असावी.

इथेच गाडी अडली. आमच्याकडे रजा कधी कोणी नाकारतच नसे! टपरीवर चहा पिता पिता लीड म्हणायचा, "अरे, रिलीज आहे, आत्ता नको टाकूस." आणि मी टाकायचो नाही. एकदा आजीने साताऱ्याहून फोनवर विचारलं, "गणपतीला येतोयस ना?" तेव्हा मात्र पाच दिवसांचा अर्ज टाकला. रिजेक्ट झाला. पुढच्या गणपतीला आजी नव्हती.

त्या रिजेक्शनचा फोटो मी रागाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तोच शोधून एचआरला पाठवला. दोन आठवड्यांनी पाच दिवसांचे पैसे आले. उरलेले एकोणीस दिवस चहाबरोबर गेले.

(नोकरी सोडताना मिळणाऱ्या या पैशांवर खासगी नोकरदारांना जास्तीत जास्त २५ लाखांपर्यंत करमाफी आहे, २०२३ पासून. माझे त्यातले किती लागले ते विचारू नका.)

सांगायचं एवढंच, की रजा तोंडी विचारू नका, अर्ज टाका. नाही म्हणायचं असेल तर म्हणू दे, पण लेखी म्हणू दे. आणि शेवटच्या दिवशी लॉगिन बंद व्हायच्या आत रजेचा हिशोब जपून ठेवा.

असो. ते पैसे अजून खर्च केलेले नाहीत. यंदा गणपतीला साताऱ्याला जाणार आहे. नव्या कंपनीत अर्ज आजच टाकलाय.